रॅम्पवरचं धान

गावच्या वाचनालयाला ठेकेदाराने पहिल्यांदा बांधलेला रॅम्प म्हणजे निव्वळ घसरगुंडी होती. उमरावांची व्हीलचेअर वर चढवायला मागून दोन माणसं लागत. उमराव पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधणाऱ्या घरातले. उतार कसा असावा, हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती.

"दीड फूट उंची अन् पाच फुटांत चढवली?" ते ठेकेदारावर कडाडले. "अठरा फूट लांबी पाहिजे! गावातले म्हातारे मारायचे हायेत का?"

मग वर्षभर अर्ज झाले, ग्रामसभेत भांडणं झाली आणि शेवटी जुना रॅम्प फोडून नवा, लांबलचक, कठड्याचा रॅम्प झाला.

तो खुला झाला त्या सकाळी उमराव कोणाला न सांगता एकटेच चाकं फिरवत निघाले. येऊन पाहतात तर रॅम्पभर धान वाळत घातलेलं.

"कोणाचं धान हाय हे?" ते गरजले.

"आपलंच," कठड्याला टेकून बसलेली त्यांची बायको कुंदाबाई म्हणाली. "काऊन बोंबलून राहिले जी? जुन्यावर टाकलं होतं त सारं घरंगळून खाली आलं. आता पाहा, दाणा जागचा हालला नाही."

उमरावांनी वाकून पाहिलं. खरंच हालला नव्हता.

कुंदाबाईने खराट्याने धान कडेला सारून चाकांपुरती वाट केली. उमराव दारापर्यंत गेले, तरी त्यांना दम लागला नाही. तिथून त्यांनी मागे वळून सांगितलं,

"पसरव आता परत. मले उतरायले दुपार होईल."