चौऱ्यांशी किलो

माझ्याशी गप्पा मारायला कुणी येत नाही. लोक येतात, पाय ठेवतात, खाली बघतात आणि तोंड वाकडं करून उतरतात. म्हणून आज मीच सुरुवात करतो. मी बाथरूममधला वजनकाटा. गोल तबकडी, वर राखाडी रबर, पोटात स्प्रिंग आणि खालच्या कडेला काटा शून्यावर आणायचं एक दातेरी चाक. एवढाच माझा संसार.

कारखान्यात माझी परीक्षा झाली होती. वीस किलोचं लोखंड ठेवलं, मी वीस म्हणालो. पन्नास ठेवलं, पन्नास म्हणालो. तपासणाऱ्या बाईंनी माझ्यावर शिक्का मारला आणि त्या पुढच्याकडे वळल्या. खरं बोलायला मला कुणी शिकवलं नव्हतं, मला दुसरं काही येतच नव्हतं. दुकानात वर्षभर मांडणीवर होतो. माणसं घड्याळ काढून, श्वास रोखून, भिंतीला हलकेच बोट टेकवून उभी राहत आणि आकडा आवडला नाही की म्हणत, "हा बिघडलेला दिसतोय." मी सगळं ऐकून घ्यायचो. वाईटपणा घेणं हे माझं कामच आहे.

मला विकत घेतलं एका बेकरीवाल्याने. केकवर क्रीमची फुलं काढणारा, गोल चेहऱ्याचा, मिठाला जागणारा माणूस. घरात तिघंच. तो, त्याची आई आणि थोरली बहीण. बहीण शिलाईचं काम करायची. तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. आठवड्यातून तीनदा मशीनवर रक्त धुऊन आणायचं आणि उरलेले दिवस पडून राहायचं, असं तिचं चाललं होतं. भावाची किडनी तिला जुळत होती, पण त्याचं वजन होतं शहाण्णव किलो.

सर्जनबाईंनी त्याला स्पष्ट सांगितलं होतं. "चौऱ्यांशीच्या वर असाल तर मी तुम्हाला टेबलावर घेणार नाही. एकाला वाचवताना दुसऱ्याला आयुष्यभराचा रोगी करायचा नाही मला." तारीख मिळाली वर्षअखेरच्या सुट्ट्या संपल्यावरची.

मला घरी आणलं त्या दिवशी बहीण भिंतीला धरत बाथरूमच्या दारापर्यंत आली. "ढोल्या, आधी त्या बिचाऱ्याची माफी माग, मग पाय ठेव," ती म्हणाली. तो हसला आणि उभा राहिला. मी शहाण्णव म्हणालो. कुणी मला बिघडलेला म्हटलं नाही. त्या घरात मला पहिल्यांदाच कुणीतरी मनापासून हवं होतं.

तो पठ्ठ्या खरंच हटला नाही. उकडलेल्या भाज्या, दोन अंडी, पातळ सूप. बेकरीत बोटाला लागलेलं क्रीम चाटायची वीस वर्षांची सवय होती, म्हणून तो तोंडाला फडकं बांधून काम करायचा. दहा आठवड्यांत तो अठ्ठ्याऐंशीवर आला. दर पंधरा दिवसांनी बहीण पडल्या पडल्या त्याच्या पँटची कंबर आत घ्यायची आणि उसवलेला दोरा त्याच्या अंगावर टाकायची. त्या दिवसांत मला माझ्या नोकरीचा अभिमान वाटायचा, खोटं कशाला बोलू?

मग सुट्ट्या लागल्या. बेकरीत केकची रांग लागली आणि घरात पाहुण्यांची. मामा-मामी आले, काका आले. प्रत्येकाच्या हातात डबा आणि तोंडात एकच वाक्य, एका तुकड्याने काय होतंय. मामी तर रुसूनच बसल्या. "आमच्या हातचं विष आहे का रे?" त्यांनी विचारलं. त्यावर तो म्हणाला, "मामी, अठरा दिवस राहिलेत. मग तुम्ही भरवाल तेवढं खातो." त्याने डबा बंद करून बाजूला ठेवला. लोकांना आपल्या हातचा एक घास फार छोटा वाटतो. दहा घरांतले दहा घास एकाच पोटात जातात, हे कुणी मोजत नाही.

त्याच आठवड्यात त्याला बेकरीत भोवळ आली. भट्टीसमोरच खाली बसला. सोबत्यांनी घरी आणून सोडला, तेव्हा तोंड पांढरंफटक पडलं होतं. आईने ते पाहिलं आणि तिचा धीर सुटला.

ती बाथरूम घासायला आली की स्वतःशी बोलायची. त्या दिवशीही बोलली. "एक लेक पलंगाला खिळलेली. आणि दुसऱ्याला असा उपाशी ठेवून कापायला पाठवू? अंगात रक्त तरी उरेल का त्याच्या? डॉक्टर बारा सांगतात तेव्हा त्यांना आठ हवे असतात. दुकानदारासारखंच आहे त्यांचं." मग ती खाली बसली, मला तिरपं केलं आणि ते दातेरी चाक अंगठ्याने किंचित फिरवलं.

मला ओरडता आलं असतं तर घर डोक्यावर घेतलं असतं. पण काट्याला आवाज नसतो. दुसऱ्या दिवशी तो उभा राहिला आणि मी सत्त्याऐंशी म्हणालो. आयुष्यातलं माझं पहिलं खोटं.

ती रोज थोडंथोडं फिरवत गेली. तो कामावर गेला की घासायचं निमित्त काढून यायची. "उतरतंय ना? मग ताटात जरा जास्त घेतलंस तर बिघडतंय कुठे?" असं म्हणून ती वाढायची. तो खायचा, आणि सकाळी तरीही आकडा उतरलेला दिसायचा. त्याच्या तोंडावर रंग आला. आई सुखावली. देवाशपथ सांगतो, तिच्या मनात पाप नव्हतं. म्हणून तर तिला कुणी अडवलं नाही, तिच्या मनानेसुद्धा नाही.

बहिणीला मात्र शंका आली होती. टेप लावून ती म्हणाली, "कंबर तिथेच आहे रे." तो म्हणाला, "काटा खोटं बोलतोय का मग?" हा माणूस रोज सकाळी बेकरीतला तराजू रिकामा तपासल्याशिवाय त्यावर मैदा घालत नसे. माझ्या रिकाम्या काट्याकडे त्याने एकदाही वाकून पाहिलं नाही. माझ्यावर एवढा विश्वास कुणी टाकला नव्हता, आणि तो नेमका तेव्हाच टाकला.

तारखेच्या चार दिवस आधी मी चौऱ्यांशी म्हणालो. त्याने बहिणीला हाक मारली. तिला उठवेना, म्हणून मला उचलून तिच्या पलंगाशी नेलं आणि तिथे पुन्हा उभा राहिला. ती काटा बघून रडली. त्या रात्री सगळ्यांबरोबर तो पोटभर जेवला आणि स्वतः केलेल्या केकचा एक तुकडा खाल्ला. आई म्हणाली, आता पुरे झालं ते वजन. मग तो माझ्यावर चढलाच नाही.

हॉस्पिटलच्या काट्याने अठ्ठ्याऐंशी दाखवले.

त्याचा फोन आला तेव्हा आई घरीच होती. फोन ठेवून ती बाथरूममध्ये आली, दार लावून घेतलं आणि ते चाक पूर्वीच्या जागी आणलं. संध्याकाळी तो आला आणि बुटांसकट माझ्यावर उभा राहिला. मी खरं बोललो. तेव्हा गप्प बसायला हवं होतं मी.

"चार दिवसांत चार किलो," तो दाराच्या चौकटीला म्हणाला. "केकच्या एका तुकड्यावाचून राहवलं नाही मला." आई दारातच उभी होती. ती ताट वाढायला वळली.

पुढची तारीख सहा आठवड्यांनंतरची होती. चौथ्या आठवड्यात, रक्त धुण्यासाठी बहिणीच्या मानेत बसवलेल्या नळीतून जंतू रक्तात गेले. तीन दिवसांत ती गेली.

यानंतर त्याने जेवण टाकलं. सकाळी थोडं सूप, बस. रोज माझ्यावर यायचा, आकडा बघायचा आणि उतरायचा. चौऱ्यांशी कधी झाले आणि कधी मागे पडले, त्याने लक्षसुद्धा दिलं नाही. सत्त्याहत्तर. सत्तर. चौसष्ट. बेकरीने त्याला रजेवर पाठवलं. आई ताट घेऊन मागे मागे फिरायची, तो म्हणायचा, "नको, तोंडाने घात केलाय माझ्या." छप्पन्न झाले त्या सकाळी उतरताना त्याचा तोल गेला आणि तो बादलीवर पडला. आईने त्याला उठवून बसवलं, आणि तिथेच ओल्या फरशीवर बसून सांगितलं. सगळं. चाक, दिवस, किलो.

त्याने मला जवळ ओढून ते चाक बोटाने चाचपलं. मग त्याने विचारलं, "ताईला माहीत होतं?"

"तिने ओळखलं होतं. शेवटच्या आठवड्यात तिने विचारलं, मी कबूल केलं."

"काय म्हणाली?"

आईने पदराने तोंड पुसलं. "म्हणाली, ढोल्याला सांगू नकोस. तो तुझ्याशी बोलणं टाकेल. मग म्हातारपणी तुला कोण आहे?"

तो उठला. भिंतीला धरत स्वयंपाकघरात गेला. ताट ओढल्याचा आवाज मला ऐकू आला, मग चमच्याचा.

आता मी बेसिनखाली, बादलीच्या मागे आहे. रबराला भेगा गेल्यात आणि माझ्यावर कुणी पाय ठेवत नाही. माझं एवढंच मागणं आहे, कुणाची दया आली तर ती त्याच्या तोंडावर करा. आमच्यासारख्या मुक्यांच्या आडून करू नका.

तो पुन्हा बेकरीत जातो. दोन्ही वेळा जेवतो, ताट धुऊन ठेवतो. आई रोज विचारते, "अजून वाढू?" भिंतीपलीकडून मी कान देऊन ऐकतो. तो ताट पुढे सरकवतो, ती वाढते. बोलत मात्र तो नाही.