पासवर्ड बरोबरच होता

निवृत्त मुद्रितशोधकांना त्या कामातून काय मिळणार होतं, ते आधी बघू. पैसे म्हणाल तर नावापुरते. पण अकरा ते पाच या वेळात ‘जरा धोब्याकडे जाऊन येता का’ असं त्यांना कुणी म्हणणार नव्हतं, फोनवर ‘सध्या कामात आहे’ सांगता येणार होतं, आणि ते खोटंही नसणार होतं. एकतीस वर्षं परक्यांच्या चुका काढून पोट भरलेल्या माणसाला गेली दोन वर्षं फक्त बायकोच्या चुका काढाव्या लागत होत्या, आणि तिथे काम फारसं नव्हतं.

प्रकाशकांनी चाचणी म्हणून चाळीस पानं पाठवली होती. आज पाचच्या आत तपासून परत आली तर सहाशे पानांचं पुस्तक यांचं. नाही आली तर दुसरा माणूस तयार होता.

काल पानं जेवणाच्या टेबलावर बसून लॅपटॉपवर घेतली, तेव्हा सगळं सुरळीत होतं. मग संध्याकाळी त्यांनी आतल्या खोलीत लोखंडी कपाट ओढून दाराशी आडवं लावलं. कपाटामागे जे उरलं त्याला ते ऑफिस म्हणू लागले.

पावणेतीनला पानं तपासून झाली आणि लॅपटॉपने पासवर्ड विचारला.

इंटरनेट वरच्या मजल्यावरच्या धाकट्या भावाकडचं. पासवर्ड त्याच्या बायकोने, म्हणजे धाकटीने, स्वतः चिठ्ठीवर लिहून दिलेला. मुद्रितशोधकांनी तो टाकला. मशीन जरा घुटमळलं आणि पुन्हा पासवर्ड मागू लागलं. त्यांनी चिठ्ठीखाली पट्टी धरली, एकेक अक्षर बोटाने टिपत परत टाकला. परत मागणी. असं सहा वेळा.

“तिने पासवर्ड बदललाय,” ते म्हणाले.

“कशावरून?” बायकोने विचारलं.

“मी टाकतोय ते चिठ्ठीबरहुकूम आहे. तरी चूक निघते. म्हणजे मूळ प्रतच बदलली.”

“अहो, मग वर जाऊन विचारा की.”

“काल तिच्या कुंड्यांचं पाणी आपल्या कपड्यांवर पडतं म्हणून बोललो, आज हे. आता मी जाऊन हात पसरू?”

बायको जिना चढली. उतरली. “तोच आहे म्हणते.”

“ती म्हणाली आणि तू ऐकून आलीस.”

चार वाजता, एरवी धाकटी चहाचा कप घेऊन खाली यायची त्या वेळेला, बायकोच पुन्हा चढली आणि ताजी चिठ्ठी घेऊन आली. त्यांनी दोन्ही चिठ्ठ्या शेजारी ठेवून पट्टी लावली. काना-मात्रेचा फरक नव्हता. टाकला. मशीनने तोंड फिरवलं.

साडेचारला त्यांचा तोल गेला. जिन्याच्या तोंडाशी जाऊन ते मोठ्याने म्हणाले, “खालच्यांनी फुकट वापरलेलं पोटात दुखत असेल तर तोंडावर सांगावं. खोटं लिहून देऊ नये.”

वरचा मिक्सर बंद झाला. धाकटी हात पुसत, फोन घेऊन खाली आली.

“दादा, मी खोटारडी आहे का ते आत्ताच बघून टाकू. कुठे बसता तुम्ही?”

ती कपाटामागे शिरली. तिच्या फोननेही कनेक्शन सोडलं आणि पासवर्ड विचारला. तिने टाकला. चुकीचा आहे, म्हणाला.

“घ्या. माझं नेट, माझा पासवर्ड, आणि माझाच फोन मला खोटं पाडतोय,” ती म्हणाली आणि हसली. हसावं की नाही, हे नवराबायकोला कळेना.

तिने कपाटाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, लॅपटॉप उचलला आणि जिन्यापाशी नेला. तिथे तो काही न विचारता जोडला गेला.

“राउटर वर, आणि मध्ये हे लोखंडी धूड. पासवर्ड तुम्ही बरोबरच सांगत होता. राउटर आणि लॅपटॉपमधली बोलणी अर्ध्यात तुटायची. पण ‘मला नीट ऐकू आलं नाही’ असं याला म्हणता येत नाही, दादा. तुमचंच चुकलं, परत सांगा, एवढंच येतं.”

मुद्रितशोधक पायरीवर बसले. पाचला आठ मिनिटं कमी असताना पानं गेली.

“ते मघाशी मी जे बोललो…” त्यांनी सुरुवात केली.

“ऐकलं मी,” धाकटी जिना चढता चढता म्हणाली. “माझ्याआड कपाट नव्हतं.”

आता हिशेब. मुद्रितशोधकांना सहाशे पानं मिळाली. लॅपटॉपला काडीची झळ लागली नाही. धाकटीने पासवर्ड तोच ठेवला, फक्त रोज चारला कप घेऊन खाली यायची, ते थांबवलं. त्या वीस मिनिटांत दोघी जावा मिळून दोन्ही भावांची सालं काढायच्या. थोरलीची दिवसभरातली करमणूक तेवढीच. मुद्रितशोधक माफीचं वाक्य मनात तपासत राहिले, त्यात दर वेळी काहीतरी दुरुस्ती निघे. विसाव्या दिवशी ते वर जाऊन बोलले, तेही चाचरत. धाकटी “जाऊ द्या हो” म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी आली.

मधले वीस दिवस चारचा चहा थोरलीने एकटीने घेतला. तिने कुणाला खोटं म्हटलं नव्हतं, आणि कपाट ओढायला नकोच म्हणाली होती.