माझी मोटर कूलरात आहे

मित्रांनो, मी अमरावतीतल्या एका बागेतलं जुनं कारंजं बोलतोय. बोलतोय म्हणण्यापेक्षा कावलोय म्हणा. इतर जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना कशा हळव्या होतात! मला ते जमणार नाही. माझा घसा कोरडा पडलाय, आणि तो का पडला हे कळलं तर तुमचंही डोकं फिरेल.

मला घडवलं नियाजच्या, म्हणजे आताच्या इथल्या वायरमनच्या, अब्बांनी. ते मिस्त्री होते. त्यांनी माझं गोल टाकं बांधलं, मधोमध दगडी कमळ बसवलं आणि काठाला चिनी मातीच्या फुटक्या कपबशांचे तुकडे एकेक करून चिकटवले. बाजारातल्या हॉटेलांतून फुटके कप गोळा करायचे, तेव्हा लोक त्यांना हसायचे. काम झाल्यावर तेच लोक माझ्या काठावर बसून फोटो काढायला लागले.

काय दिवस होते ते! संध्याकाळी बटण दाबलं की कमळातून पाणी माणसाच्याही वर चढायचं. वलगावकडून बाजाराला आलेली मंडळी परतताना माझ्यापाशी टेकायची. पोरं भिजायची, आया ओरडायच्या, आणि पुढच्या खेपेला त्याच आया पोरांना घेऊन परत यायच्या. आणि पाणी फुकट घालवत होतो, असं मुळीच म्हणायचं नाही हं. तेच पाणी फिरून फिरून वर जायचं, जुनं झालं की बागेची माळीण आशाबाई ते गुलाबांना घालायची. इतकं काटकसरी कारंजं शोधून सापडणार नाही, पण कौतुक करायला आहे कोण!

पुढे अब्बा गेले. नियाज याच बागेत वायरमन म्हणून लागला. माझी मोठी मोटर जळाली, तिच्या जागी छोटी आली आणि माझं पाणी गुडघ्याएवढंच उडायला लागलं. तेही मी गोड मानून घेतलं. मग एका मे महिन्यात बागेच्या ऑफिसातल्या भल्या मोठ्या लोखंडी कूलरमधली पाणी फिरवणारी मोटर बंद पडली. वऱ्हाडातला मे, मित्रांनो! इथे माणूस जेवणाशिवाय एक वेळ राहील, कूलरशिवाय नाही. ऑफिसचे बाबू श्यामराव नियाजला म्हणाले, दोन दिवसांपुरती कारंज्याची मोटर इकडे टाक, नवी आली की परत लावू.

नवी कसली येते! पावसाळ्यात आशाबाईनं आठवण केली, तर श्यामराव म्हणाले, आभाळातून एवढं पाणी पडतंय, आता कारंजं कशाला? हिवाळ्यात म्हणाले, थंडीत कोण बघायला येतं? आणि उन्हाळ्यात तर विषयच काढायचा नाही. हिवाळाभर माझी मोटर ऑफिसच्या कपाटावर कोरडी आणि मी इथे उघड्यावर कोरडा. अशी कितीतरी वर्षं गेली. माझ्या टाक्यात लोकांनी काय टाकलं नाही! खाऊन फेकलेले गिलावड्याचे कागद, तंबाखूच्या खर्र्याच्या पन्न्या. थुंकायचं तर नेमकं माझ्या कमळावर. आशाबाई शिव्या घालत झाडायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

यंदा अकोल्याहून नवे साहेब आले. बागेत शहराच्या नावाची मोठी अक्षरं लावून सेल्फी पॉइंट करायचा ठरला, आणि त्याला जागा हवी होती माझी. साहेबांनी निरोप धाडला की कारंजं चालू असेल तर राहू द्या, बंद असेल तर माती टाकून भरा, मी स्वतः येऊन बघतो.

नियाजची झोप उडाली. अब्बांच्या हातचं एवढंच काम या शहरात उरलं होतं. तो श्यामरावांच्या मागे लागला की त्या एका दिवसापुरती तरी मोटर द्या. श्यामराव घाम पुसत नुसते कूलरकडे बघत होते. शेवटी आशाबाईनं तोड काढली.

"साहेब अकोल्याचे हायेत ना? अकोल्याचं ऊन खाल्लेला माणूस तो. त्याले आपल्या अमरावतीची गरमी काय लागते?"

सगळ्यांना पटलं. खोटं कशाला बोलू, मलाही पटलं. अकोला म्हणजे भट्टी, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

साहेब येणार त्या दिवशी नियाजनं मला घासूनपुसून लख्ख केलं, मोटर बसवली आणि बटण दाबलं. पाणी वर आलं! गुडघ्याएवढंच, पण आलं. आशाबाई पदर तोंडाला लावून बघत राहिली. मी तर वेडाच झालो होतो आनंदानं.

साहेब आले ते भर दुपारी. तोंडाला रुमाल बांधलेला, गाडीतून उतरले ते थेट ऑफिसात. माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ऑफिसची खिडकी माझ्या समोरच आहे, म्हणून मला सगळं ऐकू येतं. कूलरचा पंखा नुसत्या झळा फेकत होता. साहेबांनी विचारलं, यात पाणी काहून फिरत नाही? श्यामराव चाचरत म्हणाले की तुम्ही अकोल्याचे, म्हणून आम्हाला वाटलं...

"अकोल्याचा आहे म्हणूनच कूलरशिवाय बसत नाही," साहेब म्हणाले.

झालं! श्यामराव धावत बाहेर आले. नियाज पँट दुमडून माझ्या टाक्यात उभा होता. तो काकुळतीला आला, "बाबूजी, पाच मिनिटं थांबा ना. साहेबाले एकदा पाहू तर द्या." श्यामरावांनी वायर ओढली. माझं पाणी खाली बसलं.

मोटर कूलरात गेली. साहेब गार झाले, चहा झाला, मग त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं आणि म्हणाले, हे तर बंदच आहे.

नियाज दारातूनच बोलला, "चालू होतं साहेब. त्याची मोटर आता तुमच्या कूलरात हाये."

साहेब चिडले नाहीत, हसले. म्हणाले, "मग करू का कूलर बंद? बोला."

श्यामराव बोलणार नव्हते, ते मला माहीत होतं. पण आशाबाई? ती दारात उभी होती, गार वाऱ्यानं तिचा पदर हलत होता, आणि ती खाली बघत राहिली. नियाज घामानं निथळत होता. त्यानं तोंड उघडलं, तेवढ्यात गार हवेचा झोत त्याच्या अंगावर आला आणि त्यानं ते मिटलं. अरे, ‘हो’ म्हण ना! एक शब्द होता, एक! कुणी म्हटला नाही.

काळ्या मातीची ट्रॉली येऊन उभी आहे, मित्रांनो. नियाज सकाळपासून माझ्या काठावर माझ्याकडे पाठ करून बसलाय. मी त्याच्यावर रागावलोय, आणि त्याच्यावर रागावता येत नाही म्हणून आणखीच रागावलोय. तुम्ही मोठे व्हाल, खुर्चीवर बसाल, एखादी जुनी वस्तू काढून टाकायला सांगाल. तेव्हा ती बंद का आहे, तिचं काय कुणी काढून नेलंय, एवढं तरी आधी विचारा. मी बिघडलो नव्हतो.