कागदावरचा पेशंट

"क," आर्डिस म्हणाली.

"चूक. ब. सोनोग्राफी."

"बाई, प्रश्न परत वाचा."

मी परत वाचला. सदुसष्ट वर्षांची स्त्री, डावी पोटरी सुजलेली, गरम, दाबली की दुखते. पुढची पायरी कोणती?

"ही बाई राहते कुठं?" आर्डिसनं विचारलं.

"ते दिलेलं नाही."

"महिना कुठला? रस्ता चालू आहे का? मशीन इथून नव्वद मैलांवर. वाटेत बर्फात अडकली आणि पायातली गाठ फुप्फुसात गेली तर? मी आधी रक्त पातळ करायचं इंजेक्शन देणार आणि मग गाडीत घालणार. आपल्या गावच्या एस्थरला असंच दिलं होतं ना? नंतर नातीच्या लग्नात नाचली ती."

"अगं, ही एस्थर नाही. ही कागदावरची बाई आहे. तिला रस्ता नाही, बर्फ नाही, घरदार नाही."

"मग बरी आहे की. आजारी कशाला पडली?"

आम्ही दोघी हसलो. पण तिनं वहीत फुली मारली, आणि त्या पानावर फुल्या बऱ्याच होत्या.

नॉर्थ डकोटातलं आमचं टोर्फिन हे तीनशे वस्तीचं गाव. दवाखाना एक, आणि त्यात आर्डिस. ती डॉक्टर नव्हे, फिजिशियन असिस्टंट. डॉक्टर लिंडग्रेन महिन्यातून दोनदा येऊन तिच्या कामावर नजर टाकत. बाकीचे दिवस तपासणं, टाके घालणं, औषध लिहून देणं आणि कुणाला शहरात धाडायचं ते ठरवणं, सगळं तिच्याकडे. चौतीस वर्षं.

एवढी वर्षं झाली तरी दर दहा वर्षांनी तिला परीक्षा होतीच. चार तासांत, चार भागांत दोनशे चाळीस प्रश्न, साऱ्या वैद्यकशास्त्रावर. आधीच्या वेळी ती निभावून गेली होती. आता एकसष्टाव्या वर्षी दोनदा नापास झाली होती. डिसेंबरातली तिसरी खेप शेवटची. एकतीस तारखेला प्रमाणपत्राची मुदत संपणार, आणि ज्या मोठ्या रुग्णालयाचा हा दवाखाना, त्यांचा नियम साफ होता: प्रमाणपत्र नाही तर काम नाही. तिच्या जागी इथं यायला दुसरं कुणी तयार नव्हतं. म्हणजे दाराला कुलूप.

मी या गावात अडतीस वर्षं शाळा शिकवली. तिसरीच्या वर्गात आर्डिस माझ्याकडे होती. एकदा फळ्यावर गणित घातलं होतं: एका माणसाकडे बारा गाई होत्या, पाच मेल्या, उरल्या किती? सगळ्यांनी सात लिहिलं. आर्डिसची वही कोरी. "काय गं?" म्हटलं, तर म्हणाली, "बाई, कशानं मेल्या? कारण रोग असला तर बाकीच्या पण जातील."

मी तिला शून्य दिलं होतं. विचारलंय तेवढंच सांगावं, असं समजावलंही होतं. मुलांना मी पुष्कळ काही शिकवलं. ही एक गोष्ट तिच्या गळी उतरवता आली नाही. आता पुन्हा तेच शिकवत होते, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, ऐंशीव्या वर्षी.

परीक्षेला मी तिच्याबरोबर त्याहून लांबच्या मोठ्या शहरात गेले. एकटीनं एकशे चाळीस मैल गाडी चालवावी, हे मला बरं वाटेना. परीक्षा केंद्रातल्या तरुणानं तिला खिसे उलटे करून दाखवायला लावले. चष्मा हातात घेऊन काड्या तपासल्या. मग तिच्या मनगटाकडे बोट दाखवलं.

"मॅडम, घड्याळ लॉकरमध्ये ठेवा."

"यावर मी नाडी मोजते."

"आत नाडी नसते, मॅडम," तो म्हणाला. वाईट हेतूनं नव्हे. त्याचं कामच होतं ते.

तिनं घड्याळ काढून माझ्या हातात दिलं. मनगटावर पांढरा पट्टा उमटलेला होता. चार तास मी ते घड्याळ ओंजळीत धरून बसले.

परतताना निम्म्या रस्त्यात ती एकदम म्हणाली, "एक प्रश्न होता, बाई. ब्याऐंशी वर्षांचा माणूस. बायको वारलेली. वजन उतरतंय. पुढची पायरी कोणती? चारही उत्तरं कसल्या ना कसल्या तपासण्या."

"मग?"

"मला आपला व्हर्लिनच दिसायला लागला. बायको गेल्यापासून डब्यातलं सूप गार खातो, गॅस पेटवायचा कंटाळा म्हणून. मी नुसती बघत बसले. त्याला जेवायला कोण घालतं, असं पाचवं उत्तर कुठंतरी असेल, असं वाटत राहिलं. आठ मिनिटं गेली. त्या भागातले शेवटचे नऊ प्रश्न राहिले."

"अगं, काहीतरी ठोकून द्यायचं!"

"कळतं हो मला, बाई. कळतं. हात उठला नाही."

निकाल बाराव्या दिवशी आला. ती माझ्या दारात उभी राहिली, डोक्यावरची लोकरी टोपीही न काढता. "चार गुण कमी," म्हणाली.

गावानं पत्र लिहिलं. दोनशे सहा सह्या जमल्या, त्यात निम्मे माझे विद्यार्थी. रुग्णालयाकडून उत्तर आलं, अगदी अदबीचं: आपल्या भावना आम्ही समजू शकतो, परंतु. डॉक्टर लिंडग्रेननी तिला फोन केला. म्हणे, "आर्डिस, माझ्या आईला काही झालं तर मी तुझ्याकडेच आणेन. पण सही माझ्या हातात नाही गं." कुणाच्याच हातात नव्हती. जो भेटे तो चांगलाच माणूस निघे, आणि प्रत्येक जण वरच्याकडे बोट दाखवी.

एकतीस तारखेला दुपारी तिनं दवाखान्याची किल्ली पाकिटात घालून रुग्णालयाच्या पत्त्यावर पोस्टात टाकली. त्या दिवसापासून तिच्या हाताला घड्याळ दिसलं नाही.

जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी चर्चच्या तळघरात जेवण होतं. लांब टेबलं, बटाट्याचं सूप, भाजलेलं हॅम, आणि प्रत्येकीनं घरून आणलेला केक. आर्डिसनं व्हर्लिनला आपल्या शेजारी बसवून घेतलं होतं आणि त्याच्या ताटलीत न विचारता वाढत होती.

"पुरे गं," व्हर्लिन म्हणाला. "नापास झालीस म्हणून माझ्यावर राग काढतेस होय? बाई, हिला कोपऱ्यात उभी करा."

"तुलाच उभं करीन," मी म्हणाले. "मुकाट्यानं खा."

तो हसला. हसता हसता थांबला. चमचा खाली ठेवला, अगदी हळू, आणि छातीवर हात धरला. चेहरा राखेसारखा झाला होता.

"आर्डिस!" तळघरात एकदम चार-पाच जणांनी हाक मारली. सवयीनं.

ती आधीच त्याच्याजवळ होती. त्याला भिंतीला टेकवून जमिनीवर बसवलं, कॉलरचं बटण सोडलं. कुणीतरी ॲम्ब्युलन्सला फोन लावला. "पलीकडच्या गावाहून यायला चाळीस मिनिटं लागतील म्हणतात! तुझी पिशवी कुठाय?"

"दवाखान्यात."

"मग जा की! शंभर पावलांवर तर आहे!"

"किल्ली नाही माझ्याकडे," आर्डिस म्हणाली.

त्या पोलादी दाराच्या कुलपामागे ऑक्सिजन होता, हृदयाचा आलेख काढायचं मशीन होतं, जिभेखाली ठेवायची गोळी होती. कोणत्या कपाटात, कितव्या फळीवर, ते तिला डोळे मिटून सांगता आलं असतं. फोनवरच्या बाईनं ॲस्पिरिन चावायला द्या म्हणून सांगितलं. ते कुणाच्या तरी पर्समध्ये सापडलं. एवढंच. एवढं कुणालाही करता आलं असतं.

तिनं व्हर्लिनचं मनगट धरलं आणि दुसरा हात उलटा करून पाहिला. तिथं घड्याळ नव्हतं. मी माझं काढून तिच्यासमोर धरलं.

"भीती वाटते गं," व्हर्लिन म्हणाला.

"वाटू दे. मी कुठं जात नाहीये."

पन्नास मिनिटांनी ॲम्ब्युलन्स आली. त्यातल्या तरुण मुलीनं भराभर विचारलं आणि आर्डिसनं भराभर सांगितलं: केव्हा सुरू झालं, नाडी किती होती, किती झाली, कितव्या मिनिटाला ठोका चुकायला लागला, रोजची औषधं कोणती, कशाची ॲलर्जी. मुलीनं लिहिता लिहिता मान वर केली.

"तुम्ही डॉक्टर आहात का? नर्स?"

"शेजारीण," आर्डिस म्हणाली.

मुलीनं तसं लिहून घेतलं. त्यांनी व्हर्लिनला उचललं. वर जिन्यापाशी थोडी गडबड झाली, मग दार लागलं, आणि गाडीचा आवाज नव्वद मैलांच्या रस्त्याला लागला.

बायका ताटल्या गोळा करू लागल्या. आर्डिस तिथंच जमिनीवर बसून होती. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिचा उजवा हात मांडीवर पडला होता, आणि त्याची दोन बोटं अजून तशीच जुळलेली होती, किंचित वाकवून, मनगटावर ठेवावीत तशी.