क्लॅपर्स बेसिनची तोफ

एरीचा कालवा पुरा झाला तेव्हा माझी खानावळ धक्क्याला लागूनच होती. त्यामुळे गावातलं प्रत्येक भांडण आधी माझ्या टेबलावर यायचं. त्या ऑक्टोबरात भांडण एकच होतं, तोफेचं.

ठरलं होतं ते असं. पश्चिमेला बफेलोत पहिली नाव कालव्यात शिरली की तिथली तोफ उडायची. तो आवाज ऐकून पुढच्या गावाने आपली उडवायची, त्यावरून त्याच्या पुढच्याने. असं करत बातमी न्यूयॉर्कच्या समुद्रापर्यंत जायची आणि त्याच वाटेने उत्तर माघारी यायचं. घोड्यावरून गेलं तरी कित्येक दिवस लागावेत एवढी वाट, आणि बातमी जेवणाआधी पोचणार होती. आमचं क्लॅपर्स बेसिन या साखळीतली एक कडी. तोफ होती, दारू होती, गोलंदाजही होता. अडचण इतकीच की गोलंदाज बहिरा होता.

हा गोलंदाज म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा, डॉर्कसचा नवरा, जेबेझ थॉर्न. इंग्रजांशी झालेल्या गेल्या लढाईत तो नायगाराकाठी तोफखान्यात होता. तिथून धडधाकट परत आला, पण कान तिथेच राहिले. आमच्या हत्यारी पथकाचा कॅप्टन अमासा पोल, एरवी गिरणी चालवणारा, त्याला समजवायला मुद्दाम माझ्याकडे आला.

"जेबेझ," तो त्याच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाला, "पलीकडच्या गावाची तोफ तुला ऐकू कशी येणार?"

"हो, सायडर चालेल," जेबेझ म्हणाला.

हसून हसून लोकांचे पेले सांडले. कॅप्टनही हसला. शेवटी असं ठरलं की तोफ भरायची आणि डागायची जेबेझने, पण कान द्यायचा कॅप्टनने. आवाज आला की त्याने तलवार खाली आणायची, आणि जेबेझने बत्ती लावायची.

डॉर्कस या सगळ्यापासून दूर होती. तोफ म्हटली की तिचं कपाळ आठ्यांनी भरायचं. स्वातंत्र्यदिनाला, चार जुलैला तोफा उडाल्या तरी ती तळघरात जाऊन बटाटे निवडत बसायची. "तुमची तोफ तुम्हालाच लखलाभ," ती मला म्हणाली. "मी भोपळ्याचं सारण भरलेल्या पाई भाजते. त्या तरी कोणाच्या पोटात जातील."

ठरलेल्या दिवशी सकाळी सगळं गाव धक्क्यामागच्या टेकाडावर जमलं. मेपलची पानं लालभडक झाली होती, मुलींनी त्यांच्या माळा करून तोफेच्या गळ्यात घातल्या होत्या. कॅप्टन नव्या निळ्या कोटात तलवार उंच धरून उभा होता. आणि वारा होता पूर्वेचा. असातसा नाही, टोप्या उडवणारा. पश्चिमेचा आवाज आमच्यापर्यंत येणार कसा? कॅप्टनने तळहात कानामागे धरला, मग टोपी काढली, मग केसही मागे सारले. त्याला आपल्याच कोटाची फडफड ऐकू येत होती. लोकांचे चेहरे उतरले. इथे साखळी तुटली तर पुढच्या सगळ्या गावांनी वाट बघत बसायचं, आणि सगळ्या राज्यात नाव होणार क्लॅपर्स बेसिनचं.

तेवढ्यात डॉर्कस पाईंची टोपली घेऊन वर आली. तिने एकदा झाडांकडे बघितलं, एकदा कॅप्टनकडे.

"अमासा, या वाऱ्यात तुला काही ऐकू यायचं नाही. धूर बघायला हवा."

"इथून कुठला दिसणार धूर?"

"इथून नाही, चर्चच्या मनोऱ्यावरून. तुझी दुर्बीण दे."

कॅप्टनने कमरेची दुर्बीण काढून दिली. "तू वरून बघ, मी खालून ऐकतो. ज्याला आधी कळेल तो खूण करेल."

डॉर्कसने माझ्या खांद्यावरची लाल शाल ओढून घेतली. जेबेझशी ती बोललीच नाही. आधी मनोऱ्याकडे बोट दाखवलं, मग शाल हलवून दाखवली, मग त्याच्या हातातल्या बत्तीकडे बोट केलं. त्याने मान हलवली.

मनोऱ्याचा जिना म्हणजे शिडीच. मी धापा टाकत वर पोचले तोवर ती खिडकीत कोपर टेकून, दुर्बीण लावून उभीही होती. पश्चिमेला दूरवर शेतं, मधून कालव्याची चकाकती रेघ आणि ठिकठिकाणी धूर. कोणी पाला जाळत होतं, कोणी साबणासाठी राख करायला लाकडं.

"ताई, तो बघ, तो पांढरा."

"तो पाल्याचा. वर चढतोय."

"आणि तो, कालव्याच्या बाजूचा?"

"कोणाची तरी चूल असेल. रॉक्सी, तू गप्प बस बघू."

थोड्या वेळाने तीच बोलू लागली, दुर्बिणीवरचा डोळा न काढता. "लढाईत हा नदीच्या पलीकडे होता आणि मी अलीकडे, दुसऱ्या बायकांबरोबर. सगळ्या पोरींना मी शिकवलं होतं ओळखायला. तोफेचा धूर वर चढत नाही. गोळा होऊन बसतो, आणि मग वाऱ्याबरोबर आडवा निघतो. त्याच्या ठाण्यावर धूर दिसला की समजायचं, अजून जिवंत आहे. मग पुढचा दिसेपर्यंत श्वास धरून बसायचं."

इतकी वर्षं मला वाटायचं, ती तोफेच्या आवाजाला घाबरते. मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

आणि तेवढ्यात धडाम झालं.

मी खाली पाहिलं. कॅप्टनची तलवार सपकन खाली आली होती. "डाग!" त्याचं ओरडणं वाऱ्यावरही वरपर्यंत आलं. मग सगळं गाव ओरडायला लागलं, "डाग, जेबेझ, डाग!"

"ताई, उडाली. आपल्याला दिसलीच नाही."

"नाही उडाली," डॉर्कस म्हणाली. "पश्चिमेला काहीच नाही."

खाली जेबेझ कॅप्टनकडे पाठ करून उभा होता. त्याला तलवार दिसत नव्हती आणि गाव ऐकू येत नव्हतं. बत्ती हातात धरून तो मान वर करून मनोऱ्याकडे बघत होता, फक्त तिच्याकडे. कॅप्टन धावत त्याच्याकडे निघाला आणि तोफेच्या दोराला पाय अडकून पालथा पडला. तो उठून कोट झटकतोय तोवर डॉर्कसच्या तोंडून बारीक हुंकार निघाला.

"तो बघ."

मलाही दिसला. क्षितिजाजवळ कापसाचा बोळा ठेवल्यासारखा धूर, वर न चढणारा, आडवा सरकू लागलेला. डॉर्कसने शाल खिडकीबाहेर काढून अशी फडकवली की मला तिला कमरेला धरावं लागलं.

जेबेझने बत्ती लावली. मनोरा हादरला, घंटा आपोआप किणकिणली, कबुतरं उडाली. आम्ही दोघी श्वास रोखून थांबलो. मग पूर्वेकडून, वाऱ्यावर स्वार होऊन, पुढच्या गावाच्या तोफेचा आवाज स्पष्ट आला. बातमी पुढे गेली होती. डॉर्कस मनोऱ्यातल्या धुळीत बसून हसायला लागली, आणि मीही.

आम्ही खाली उतरलो तेव्हा दक्षिणेकडचा शेतकरी एल्नाथन फिच गाडी हाकत येत होता.

"उशीर झाला का हो?" त्याने विचारलं. "ओकचा बुंधा काही केल्या निघेना. शेवटी दारू लावून उडवला."

हसायला कॅप्टन पोलनेच सुरुवात केली. तो इतका हसला की त्याला तोफेच्या चाकावर बसावं लागलं. "म्हणजे एल्नाथनचा बुंधा उपटल्याची बातमी मी न्यूयॉर्कला पाठवत होतो," तो म्हणाला. ही गोष्ट पुढे त्याच्याइतकी रंगवून कोणी सांगितली नाही.

उत्तराची वाट बघताना पाई संपल्या, सायडरचं एक पिंप संपलं. जेबेझने तोफ पुसून पुन्हा भरली. सूर्य डोक्यावरून कलला तेव्हा पूर्वेची तोफ परत गरजली. कॅप्टनने तलवार उचलायच्या आधीच जेबेझने मान वळवली.

"अगं," तो डॉर्कसला म्हणाला, "हे मला ऐकू आलं."

"खरंच ऐकू आलं?" तिने ओठ हलवून विचारलं.

"नीट आलं. छातीतसुद्धा."

त्याने बत्ती तिच्या हातात दिली. तिने एकवार त्याच्याकडे बघितलं, नाक दाबलं, डोळे मिटले आणि लावली. आमच्या गावाचं उत्तर त्या दिवशी पश्चिमेला गेलं ते माझ्या बहिणीच्या हातून.

मग माझ्या खानावळीत टेबलं भिंतीला लागली आणि फिडल वाजू लागलं. जेबेझ कधी नाचत नसे, कारण ताल कळत नसे. त्या दिवशी डॉर्कसने त्याला हाताला धरून मध्ये ओढलं आणि त्याच्या तळहातावर बोटांनी ठेका धरला. तो दोनदा चुकला, एकदा कॅप्टनच्या नव्या बुटावर उभा राहिला, आणि मग त्याला जमलं. फिडलवाला थकून थांबला तरी ती दोघं नाचतच राहिली.