गळ्यापर्यंतची बटणं

माझा थोरला भाऊ शिंपी होता. अर्ध्या गावाची मापं त्यानं घेतली, पण त्याचा स्वतःचा शर्ट उतरलेला मी कधी पाहिला नाही. लहानपणी तो आम्हा बहिणींसमोर नुसत्या बनियनवरही यायचा नाही. आई म्हणायची, "ही माझी चौथी मुलगी."

म्हातारपणी त्याला यकृताचा कॅन्सर झाला, तर दुखण्याआधी त्याला लाजच वाटली. "लोक म्हणतील, चोरून पीत असणार." चहासुद्धा फिका पिणारा माणूस तो. वहिनी गेल्यापासून माझ्याकडेच राहायचा.

गाठ वाढू नये म्हणून रोजची गोळी सुरू झाली. डॉक्टरीण तरुण होती. "अंगावर काही उठलं तर त्याच दिवशी यायचं," तिनं बजावलं होतं.

थोड्याच दिवसांत भर उन्हाळ्यात दादा गळ्यापर्यंत बटणं लावून बसू लागला.

"उकडत नाही का रे?"

"तुला माझा घाम मोजायचाय?"

मग एकदा घास घेताना त्याचे ओठ फुटलेले दिसले. मी मनगट धरून बाही वर केली. खाली लाल चट्टे आणि पाण्यानं भरलेले फोड. अंग तापलेलं.

"बोलू नकोस कुणाला, चिमे. गोळी बंद करतील, गाठ परत वाढेल. आणि ती पोरगी कपडे काढायला लावते. नातीच्या वयाची आहे."

"मी रिक्षा बोलावतेय. चप्पल घाल."

दवाखान्यात शर्ट पाठीला चिकटलेला निघाला. डॉक्टरीण म्हणाली, कापावा लागेल. दादानं दोन्ही हात छातीवर घट्ट धरले.

"चिमे, तू बाहेर जा."

"बाहेर जाणार नाही. पाठ फिरवते हवं तर." मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले.

कात्री चालू झाली. "शिवणीवरून काप गं बाई, कापड चांगलं आहे," दादा म्हणाला. ती हसली आणि मध्येच कात्री थांबली.

"आजोबा, ही गोळी आता कायमची बंद. आणखी उशीर झाला असता, तर गाठीच्या आधी गोळीनंच नेलं असतं तुम्हाला."

"मग गाठीचं?"

"कातडी भरू दे, दुसरं औषध बघू. फोड कधी आले?"

"झाले बरेच दिवस."

"मग आला का नाहीत?"

"लाज वाटली," दादा म्हणाला, अगदी हळू.

कापडाचे तुकडे एकेक करून ट्रेमध्ये पडत राहिले.

"चिमे," थोड्या वेळानं तो म्हणाला, "वळ आता. किती वेळ उभी राहशील?"

मी वळले. आता तो भिंतीकडे बघत होता.