खाली कोण बघतंय?

अंगठा जरा जास्तच झाला होता. बाकी पाय झकास – गंजाचा तपकिरी, घोट्यापाशी शेवाळाची हिरवी रेघ – पण अंगठ्यावर रंगाचा एक थेंब सुकून फोड आल्यासारखा दिसत होता, आणि रिक्षात बसलेली जान्हवी दिंडोशीपासून तो नखाने खरवडत होती. पाय सांध्यातून निखळलेला, म्हणून मुठीत. उरलेला राखणदार, खेळातला यंत्रमानव – धड, हात, छातीतली एवढीशी केबिन – मांडीवरच्या बुटांच्या खोक्यात, जुन्या ओढणीत गुंडाळलेला. शेजारी बाबा. सकाळी तिने चप्पल घातली तेव्हा तेही शर्टाची बटणं लावत उभे होते. "अंधेरीला जातेस ना? मी पण येतो. कारखान्याचं काय केलंय ते बघू." बस्स, एवढंच. त्यानंतर रिक्षा पार महाकालीच्या वळणावर आली तरी एक शब्द नाही.

अडतीस वर्षांची बाई मी, बँकेत कर्जाचे अर्ज तपासते आणि रविवारी मांडीवर यंत्रमानव घेऊन फिरते. बाबांनी विचारलं असतं, हे काय गं, तर सांगितलं असतं. खूप काही सांगितलं असतं...

सांगण्यासारखं होतंही. 'खाडीपार' हा तिघांनी मिळून बनवलेला खेळ. टेबलावर अर्धी बुडालेली मुंबई मांडायची, दोन फौजा, फासे, मोजपट्टी. सर्वेश नियम करतो, तेजल सैनिक घडवते आणि जान्हवी प्रत्येकाची कथा लिहिते – कोण कुठला, कशासाठी लढतो. राखणदाराची कथा तिने एका बैठकीत लिहिली होती. समुद्र शहरात शिरला तेव्हा बंद कारखान्यांच्या लोखंडातून उभारलेला, सात मजली, खाडीच्या तोंडावर पहारा देणारा. आणि त्याच्या छातीत एक चालक, एकटा, जो चाळीस वर्षं खाली उतरलेला नाही, ज्याच्याशी कुणी बोलत नाही आणि जो कुणाशी बोलत नाही. तेजलच्या डोळ्यांत पाणी आलं होतं वाचून. सर्वेशने मात्र तेव्हाच कॅल्क्युलेटर काढला होता.

हजार गुणांची फौज, त्यातले साडेचारशे गुण हा एकटाच खाणार. उंच एवढा की पायाशी आलेलं त्याला दिसतच नाही, असा नियम. मग समोरचा खेळाडू शहाणपणाने चार होडीवाले त्याच्या पायाशी घुसवतो, सुरुंग लावतो, आणि दुसऱ्या फेरीत साडेचारशे गुण पाण्यात. आठ वेळा खेळून बघितलं, आठही वेळा तेच. "कथा एक नंबर आहे यार," सर्वेश फोनवर म्हणाला होता, "पण तो चालत नाही ना! आज शेवटचं बघू. संध्याकाळी छापखान्याला यादी द्यायचीय. नाही जमलं तर काढू त्याला."

चालत नाही. गंमतच आहे या शब्दाची. खोटी नोट चालत नाही, बंद घड्याळ चालत नाही, चपला घालून देवळात गेलेलं चालत नाही. आणि सात मजली लोखंडी गडी, ज्याचं कामच मुळी चालणं, तोही चालत नाही. त्याला काढलं तर आपण रडू, हे तिला माहीत होतं, आणि का रडू हेही माहीत होतं, फक्त ते तिने तेजलला, सर्वेशला, कुणालाच सांगितलं नव्हतं. तो चालक शेजारीच बसला होता. पाण्याची बाटली उघडून, ओठ न लावता पीत होता.

गुणाजी परब. एकतीस वर्षं कारखान्याच्या छपराखाली, रुळांवरून सरकणाऱ्या क्रेनच्या केबिनमध्ये. घरी आल्यावरही जणू तिथेच... जेवताना आई वाढायची आणि बाबा हात वर करून मूठ मिटायचे – आई थांबायची. ताटाकडे बोट करून गोल फिरवायचे – भात पडायचा. अंगठा आणि बोट जवळ आणायचे – आमटी, थोडीच. मैत्रिणींचे वडील ओरडायचे, लाड करायचे, माझे वडील खुणा करायचे. आणि दहावीचा निकाल! ब्याऐंशी टक्के, गुणपत्रिका घेऊन ती धावत गेली, त्यांनी वाचली, पुन्हा वाचली, आणि एक बोट वर करून हवेत गोल गोल फिरवलं. झालं. हवेत जाऊ नकोस, हाच ना त्याचा अर्थ? त्या दिवशी मोरीत तोंड धुतलं तिने चांगलं दहा मिनिटं. पुढे बी.कॉम. झाली, नोकरी लागली, पण निकाल असा कुणाच्या हातात नेऊन दिला नाही.

कारखान्याच्या जागी काचेची इमारत होती. बाबांनी मान वर करून मजले मोजले, म्हणाले, "उंची तेवढीच ठेवली असती तर बरं होतं," आणि निमूट तिच्यामागून गाळ्यात आले. सर्वेशच्या मामाचा हा रिकामा गाळा, मधोमध टेबल, टेबलावर निळं कापड टाकून केलेला समुद्र. सर्वेशने त्यांना स्टूल दिलं, तेजलने चहा. जान्हवीने पाय चिकटवला. होडीवाले तेजलकडे, राखणदार तिच्याकडे, सर्वेश वही घेऊन मध्ये.

दुसरी फेरी. तेजलच्या चार होड्या बरोबर पायाशी. "सॉरी गं," तेजल म्हणाली आणि फासे उचलले.

"खाली कोण बघता?"

तिघांनी वळून पाहिलं. बाबा स्टुलावरून उठले होते.

"कोणी नाही काका," सर्वेश म्हणाला. "तो एकटाच असतो. कथेतच तसंय."

"एकटो? मगे तेका पायाखालचा दिसता कसा?" बाबांना खरोखरच राग आला होता, आणि त्यांचा राग जान्हवी पहिल्यांदाच बघत होती. "अरे, केबिनमधून हूक दिसतो. हुकाखालचं काय दिसतंय, कप्पाळ? मी एकतीस वर्षं खाली उभ्या खंडूच्या हाताकडे बघून क्रेन चालवली. एक माणूस मारला नाही."

खंडू गायकवाड. जालन्याकडचे खंडूकाका, दर चौदा एप्रिलला ज्यांच्याकडे आम्ही जेवायला जायचो. काकू पुरणपोळ्यांवर तुपाची धार धरायची आणि बाबा मूठ मिटायचे आणि खंडूकाका पोट धरून हसायचे. का हसायचे?... ते कारखान्यात काय करायचे, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

बाबांनी तिच्या फौजेतला एक साधा सैनिक उचलला, बारा गुणांचा, आणि पडक्या भिंतीवर उभा केला. "हा खंडू. हा खुणा करणार, तो वरून बघणार. आता खेळा."

सर्वेशने डोकं खाजवलं, वहीत काहीतरी लिहिलं. "चला, बघू तरी."

आणि राखणदार चालला! पहिल्या लाथेत दोन होड्या. तेजल "ए, चीटिंग!" म्हणून ओरडली, पण हसत होती. बाबा टेबलाच्या पलीकडे भिंतीपाशी उभे, चहा गार झालेला, आणि हात हवेत – मूठ, थांब. अंगठा-बोट, थोडं थोडं. बोट खाली गोल, सोड. ताटावरच्या सगळ्या खुणा. भात, आमटी, पुरे. जान्हवीला हसू आवरेना. मग पाण्यात बुडालेली टाकी आली, पाय तिच्यावरून न्यायचा होता. तिने वर पाहिलं. बाबांनी एक बोट वर केलं आणि हवेत गोल गोल फिरवलं.

तिचा हात तिथेच राहिला.

"बाबा, हे काय?"

"काय काय?"

"हे बोट. असं."

"उचल म्हणून गो. माल नीट बांधलेलो आसा, साखळी घट्ट आसा, कायएक काळजी नाय... घे वर, बिनधास्त."

बिनधास्त. बावीस वर्षं. मोरीतलं ते गार पाणी, आणि बाहेर बाबा गुणपत्रिका हातात घेऊन उभे असणार, मुलगी आत का पळाली हे न कळून... मी त्यांना वर बसवून ठेवलं होतं, कथेतही आणि घरातही. आणि ते घरी यायचे ते केबिनमधून उतरून. खाली खंडूकाकांच्या जागी उभे राहायचे, मान वर करून खुणा करत. मग वर केबिनमध्ये कोण होतं?

पाचव्या फेरीत राखणदार पडलाच. पाय पुन्हा निखळला. सर्वेशने बेरीज केली, चष्मा काढला. "चालतोय. पण एका डावावरून कसं सांगू? साडेचारशे अजून महागच आहे. बोल जान्हवी, ठेवायचा की काढायचा? कथा तुझी आहे."

कथा तर खोटी निघाली होती. पहिल्या ओळीपासून पुन्हा लिहायला लागणार, 'एकटा' हा शब्द खोडून, आणि सुरुवात वरून नाही, खालून, पडक्या भिंतीवरच्या त्या बारा गुणांच्या माणसापासून. संध्याकाळपर्यंत होईल? होईलही. नाही झालं तर? तिला नवल वाटलं, छातीत सकाळपासून बसलेली धाकधूक कुठे गेली होती कोण जाणे. सर्वेश थांबला होता, तेजल थांबली होती. टेबलापलीकडे बाबा मान थोडी वर करून, राखणदाराकडे नाही, तिच्याकडे बघत होते. त्यांचा हात अजून खाली होता. जान्हवीने निखळलेला पाय मुठीत घट्ट धरला आणि खुणेसाठी त्या हाताकडे बघत राहिली.